न मागितलेले गाणे
व्यक्तिगत इंटरनेट रेडिओ आणि नव्याचा शोध

आकाशवाणीच्या ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमाला श्रोते पत्र पाठवून गाणे मागत. मागायचे म्हणजे ते गाणे आधी माहीत असावे लागे. त्यामुळे स्वतःच्या फर्माइशीतून कुणाला नवे गाणे सापडले, असे सहसा होत नसे. नवे सापडायचे ते आपले गाणे लागेपर्यंत ज्या दुसऱ्यांच्या फर्माइशी ऐकाव्या लागत, त्यांत. कुठल्याशा गावच्या कुण्या अनोळखी माणसाने मागितलेले गाणे कानावर पडायचे, निवेदक त्याचे गीतकार-संगीतकार सांगायचा आणि ते आपले होऊन जायचे.

ही साधी गोष्ट ध्यानात ठेवून गेल्या पंचवीस वर्षांतल्या एका प्रयोगाकडे पाहायचे आहे. तो प्रयोग म्हणजे व्यक्तिगत इंटरनेट रेडिओ. नेहमीच्या रेडिओवर सगळ्यांना एकच कार्यक्रम ऐकू येतो. इथे प्रत्येक श्रोत्याचे केंद्र वेगळे. एखादा गायक किंवा एखादे गाणे सांगायचे, की त्याच्या जातकुळीची गाणी एकामागून एक सुरू होतात. मात्र पुढचे गाणे कोणते हे श्रोत्याने ठरवायचे नाही. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये २००० नंतरच्या दशकात अनेकांना आयुष्यभर पुरेल इतके नवे संगीत या मार्गाने मिळाले. त्याचे श्रेय सामान्यतः यंत्राला दिले जाते : यंत्राने माणसाची आवड ओळखली, म्हणून त्याला नवे गाणे सापडले. माझ्या मते हे उत्तर अर्धे आहे. उरलेले अर्धे उत्तर यंत्रात नसून कायद्यात आहे, आणि तेच आज विसरले गेले आहे.

कानाने केलेली मोजणी

या रेडिओचे सर्वांत गाजलेले रूप म्हणजे पँडोरा. टिम वेस्टरग्रेन हा पियानोवादक बँडमधून वाजवत असे, चित्रपटांना संगीतही देत असे. दिग्दर्शकाला नेमके कसे संगीत हवे आहे हे ओळखण्यासाठी तो त्याला निरनिराळ्या सीडी ऐकवून त्याच्या पसंतीचा अंदाज घेई. पुढे गायिका एमी मान हिच्याविषयीचा एक लेख त्याच्या वाचनात आला. तिला ठरावीक श्रोतृवर्ग होता, पण तेवढ्यासाठी रेकॉर्ड कंपनी तिचा अल्बम बाजारात आणायला तयार नव्हती. गायिका आहे, श्रोतेही आहेत, फक्त मधला दुवा नाही. या अडचणीतून वेस्टरग्रेन, विल ग्लेझर आणि जॉन क्राफ्ट यांनी २००० च्या सुमारास ‘म्युझिक जीनोम प्रोजेक्ट’ सुरू केला.

कल्पना अशी, की प्रत्येक गाण्याचे गुण सुटे करून मोजायचे. आवाजाची जात, लय, सुरावटीची चाल, वाद्यमेळ, स्वरसंवादांची रचना अशी शेकडो अंगे. रॉक आणि पॉपसाठी ती सुमारे १५०, जॅझसाठी सुमारे ४००. हे काम संगणकाने केले नाही. संगीताचे शिक्षण घेतलेली माणसे कानाला हेडफोन लावून बसत आणि एका गाण्याला २० ते ३० मिनिटे देत. दहा टक्के गाणी एकापेक्षा अधिक जणांकडून तपासून घेत, म्हणजे एकाचा कान दुसऱ्याच्या कानाशी पडताळता येई. या खटाटोपात कंपनी जवळपास बुडाली होती. पन्नासएक माणसांनी दोन वर्षे पगाराची वाट पाहत काम केले. २००४ मध्ये पैसे उभे राहिले आणि २००५ मध्ये रेडिओ सुरू झाला.

२०११ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली, तेव्हा तिच्या संग्रहात आठ लाखांहून अधिक गाणी होती. एका गाण्याला २० मिनिटे धरली तरी हे दोन लाख सहासष्ट हजारांवर तास भरतात. रोज आठ तास, एकही सुटी न घेता काम करणाऱ्या एका माणसाला यासाठी ९१ वर्षे लागली असती. ज्याला आपण यंत्राची किमया म्हणतो, तिच्यात इतके मानवी ऐकणे मुरलेले होते.

या पद्धतीचा मोठा गुण असा, की गुणांच्या या यादीत प्रसिद्धीला जागा नव्हती. गायक नामांकित आहे की गल्लीतल्या बँडमधला, रेकॉर्ड किती खपली, यांपैकी कशाचीच नोंद जीनोममध्ये होत नसे. त्यामुळे कुणीही न ऐकलेले गाणे एखाद्या गाजलेल्या गाण्याच्या शेजारी येऊन बसू शकत होते. पुढे पँडोराने श्रोत्यांच्या पसंती-नापसंतीचे अंगठे आणि इतर माहितीही हिशेबात मिसळली. पण मूळ पाया मात्र ऐकण्याचा राहिला.

दोषही होते. मोजणी हाताने होत असल्यामुळे संग्रह लहान राहिला, आणि तीच ती गाणी फिरून लागतात ही श्रोत्यांची कायमची तक्रार होती. कोणते गाणे मोजायला घ्यायचे हे कुणीतरी ठरवतच होते, म्हणजे दाराशी पहारेकरी होताच. शिवाय सारखेपणा म्हणजे नवेपणा नव्हे. मोजलेले गुण आणि ऐकताना जाणवणारे गुण यांत अंतर राहतेच. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. भूप आणि देसकार या दोन्ही रागांचे स्वर तेच : सा, रे, ग, प, ध. स्वरांची नुसती यादी केली तर दोन्ही एकच. पण भूपात गंधार वादी, देसकारात धैवत. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. भातखंड्यांनीही एकाला कल्याण थाटात ठेवले आणि दुसऱ्याला बिलावल थाटात. गुणांची यादी किती लांब आहे यापेक्षा ती कोणत्या कानाने तयार केली आहे, याला महत्त्व असते ते असे.

गर्दीची साक्ष

दुसरी पद्धत याच्या अगदी उलट. तिच्यात गाणे ऐकायचेच नाही. गाणे कोण ऐकतो ते पाहायचे. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये उपेंद्र शार्दानंद आणि पॅटी माएस यांनी ‘रिंगो’ नावाची व्यवस्था तयार केली. लोकांनी ई-मेलने कलाकारांना १ ते ७ गुण द्यायचे. ज्यांचे गुण आपल्याशी जुळतात, त्यांना आवडलेले पण आपण न ऐकलेले कलाकार रिंगो आपल्याला सुचवी. तोंडी शिफारस यंत्राने करायची, अशीच त्यांची भूमिका होती.

इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात शिकणाऱ्या रिचर्ड जोन्सने ऑडिओस्क्रॉबलर तयार केले. माणूस संगणकावर जे जे ऐकेल त्याची नोंद आपोआप होत राहायची. २००२ मध्ये लंडनला सुरू झालेल्या लास्ट एफएमशी २००५ मध्ये त्याचा संगम झाला. तिथे आपल्यासारखेच ऐकणाऱ्यांना ‘शेजारी’ म्हणत आणि शेजाऱ्यांच्या गाण्यांचा रेडिओ लावता येई. ‘आपली आवड’मधल्या अनोळखी पत्रलेखकाशी याचे नाते सरळ आहे. फरक एवढाच, की इथला अनोळखी माणूस मुद्दाम आपल्यासारखाच निवडलेला असे.

ही पद्धत स्वस्त आणि अफाट. कोणत्याही भाषेतले गाणे तिला चालते, कारण तिला गाण्यातले काही कळावेच लागत नाही. पण जे गाणे कुणीच ऐकलेले नाही, ते तिला दिसतच नाही. ऐकले जायला आधी सुचवले जावे लागते आणि सुचवले जायला आधी ऐकले जावे लागते. बार्सिलोनाचे संशोधक ऑस्कर सेल्मा यांनी २००८ च्या आपल्या प्रबंधात लास्ट एफएमच्या नोंदी तपासल्या. गर्दीवर आधारलेली शिफारस लोकप्रिय कलाकारांकडे झुकते, असे त्यांना आढळले. पण लोकांना विचारले, तेव्हा कमी नावीन्याची हीच शिफारस त्यांना अधिक पसंत पडली होती. आपल्याला नवे हवे असते, पण फार नवे नको असते, हा मनुष्यस्वभाव त्यातून दिसतो.

गर्दीच्या साक्षीवर किती विसंबावे, हे दाखवणारा एक प्रयोग ‘सायन्स’ या नियतकालिकात २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी १४,३४१ लोकांना अपरिचित बँडची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना फक्त गाण्यांची नावे दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत वाटले होते आणि आपल्या गटातल्या आधीच्या लोकांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले, हे त्यांना दिसत होते. आकडे दिसू लागताच गाजलेली गाणी आणखी गाजली, मागे पडलेली आणखी मागे पडली. शिवाय एका गटात पुढे आलेले गाणे दुसऱ्या गटात मागे राहू शकत होते. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी सुमार सहसा वर आली नाहीत. मधल्यांचे मात्र काहीही होऊ शकत होते. जगातली बहुतेक गाणी या मधल्या पट्ट्यातच असतात.

कायद्याने बांधलेले हात

आता त्या उरलेल्या अर्ध्या उत्तराकडे येऊ. अमेरिकेत १९९८ मध्ये ‘डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट’ झाला. त्यात इंटरनेट रेडिओसाठी एक सोय होती. ठरलेली रॉयल्टी भरली, की प्रत्येक रेकॉर्ड कंपनीचे दार न ठोठावता कोणतेही ध्वनिमुद्रण वाजवता येई. अट अशी, की सेवा ‘इंटरॅक्टिव्ह’ नसावी, म्हणजे श्रोत्याला हवे ते गाणे हव्या त्या वेळी मिळता कामा नये. तीन तासांत एका अल्बममधली तीनहून अधिक गाणी नकोत, त्यांतलीही सलग दोनहून अधिक नकोत. एका कलाकाराची चारहून अधिक नकोत, सलग तीनहून अधिक नकोत. पुढे काय लागणार हे आधी जाहीर करायचे नाही. पँडोराने परवान्यांच्या अटींमुळे एका केंद्रावर तासाला सहाच गाणी ओलांडू देण्याची मर्यादा घातली होती.

हे नियम संगीतप्रेमातून आलेले नव्हते. मागताच गाणे मिळू लागले तर रेकॉर्ड कोण विकत घेणार, ही त्यामागची धास्ती. पण त्यांचा परिणाम ऐकण्यावर झाला. आवडत्या गायकाचे केंद्र लावले तरी त्याला सतत वाजवणे बेकायदा होते. मधली जागा दुसऱ्यांनी भरणे भागच होते. श्रोता सहा गाणी ओलांडून दमला, की सातवे त्याला ऐकावेच लागे.

या नियमांचा कस लागला तो लाँचकास्टच्या खटल्यात. ही सेवा २००१ मध्ये याहूने विकत घेतली होती. श्रोता तिच्यावर गाण्यांना, अल्बमांना आणि कलाकारांना ० ते १०० गुण देई. त्यावरून हजारो गाण्यांचा साठा चाळून ५० गाण्यांची यादी तयार होई. रेकॉर्ड कंपन्यांचे म्हणणे, इतकी माणसागणिक बेतलेली सेवा ‘इंटरॅक्टिव्ह’च ठरते. ऑगस्ट २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने ते फेटाळले. पुढचे गाणे कोणते असेल हे श्रोत्याला आधी ओळखता येत नाही, त्यामुळे ही सेवा रेकॉर्ड विकत घेण्याची जागा घेऊ शकत नाही, असा निकालाचा आशय. या खटल्यातून पुढे आलेला एक तपशील मला फार बोलका वाटतो. श्रोत्याने कधीच गुण न दिलेली गाणी किती असावीत हे त्याला ठरवता येई. पण ते प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आणण्याची मुभा नव्हती. पाचातले एक गाणे तरी त्याच्या नोंदीबाहेरचे असणारच.

एका न्यायालयाने कॉपीराइटचा वाद सोडवताना नकळत रेडिओची व्याख्याच करून ठेवली : जिथे पुढचे गाणे श्रोत्याच्या हातात नसते, तो रेडिओ. नव्याचा शोध या व्याख्येच्या आत घडत होता. जीनोमने किंवा शेजाऱ्यांनी दिशा दाखवली हे खरे. पण श्रोत्याला त्या दिशेने चालायला लावले ते त्याचे बांधलेले हात.

पैशाच्या बाजूनेही या व्यवस्थेत एक न्याय होता. कायद्याने ठरलेल्या रॉयल्टीपैकी निम्मी ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथीदारांच्या निधीला जात असे. कलाकाराचा वाटा कंपनीच्या वहीतून न फिरता साउंडएक्स्चेंज या संस्थेमार्फत थेट पोचे. अमेरिकेतली एएम-एफएम केंद्रे गायकाला ध्वनिमुद्रणासाठी काहीच देत नाहीत, हे लक्षात घेतले तर याचे मोल कळते.

मागताच मिळते तेव्हा

पुढे स्पॉटिफायसारख्या सेवा आल्या. त्यांनी कंपन्यांशी थेट करार केले आणि मागाल ते गाणे मागाल तेव्हा मिळू लागले. लास्ट एफएमने २०१४ मध्ये आपला रेडिओ बंद केला, पँडोरा २०१९ मध्ये सिरियस एक्सएमच्या ताब्यात गेली. शिफारस संपली नाही, उलट अधिक नेमकी झाली. जुलै २०१५ पासून स्पॉटिफाय दर सोमवारी प्रत्येक श्रोत्याला नव्या गाण्यांची यादी देते. पण आता यादी न आवडली तर जायला जागा आहे. बोट लावले की ओळखीचे गाणे हजर. अशा वेळी शिफारस करणाऱ्या यंत्राचे पहिले काम नवे ऐकवण्याचे राहत नाही. श्रोता उठून जाऊ नये, हे होते.

२०२० मध्ये स्पॉटिफायच्याच संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्राच्या शिफारशींवर अधिक अवलंबून असणाऱ्यांच्या ऐकण्यात विविधता कमी आढळली. ज्यांचे ऐकणे काळाच्या ओघात विविध होत गेले, ते शिफारशींपासून दूर सरकून स्वतः शोधू लागलेले होते. याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने ‘डिस्कव्हरी मोड’ जाहीर केला. कलाकाराने किंवा त्याच्या कंपनीने कमी रॉयल्टी मान्य केली, तर त्यांचे गाणे रेडिओ आणि ऑटोप्लेमध्ये अधिक पुढे केले जाते. नव्याच्या शोधाला इथे किंमत लागली, आणि ती भरायची कलाकाराने. श्रोत्याला मात्र हे गाणे शेजाऱ्याने सुचवले, कानाने मोजले की सवलतीने आणले, हे कळायची सोय नाही.

यावर कुणी म्हणेल, की सगळे उघडे असताना शोधणाऱ्याला कोण अडवते? कुणीच नाही. ज्याला शोधण्याची हौस आणि सवड आहे, त्याच्यासाठी इतका श्रीमंत काळ कधी नव्हता. पण रेडिओ हौशी शोधकासाठी नव्हताच. तो काम करताकरता ऐकणाऱ्या, नाव-गाव न पुसणाऱ्या माणसासाठी होता. त्याच्या वाट्याला येणारे नवे घटले, हा खरा तोटा.

आपल्याकडे काय झाले

पँडोराने मे २००७ मध्ये परवान्यांच्या कारणाने अमेरिकेबाहेरच्या बहुतेक देशांना दार बंद केले. भारतात तशी सेवा उभी राहण्याजोगा कायदाही नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ‘३१ ड’ हे कलम आले आणि प्रसारणासाठी ठरलेल्या दराने परवाना मिळण्याची सोय झाली. ती इंटरनेटला लागू आहे का, हा प्रश्न टिप्स विरुद्ध विंक म्युझिक या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितले, की ही सोय रेडिओ आणि दूरचित्रवाणीपुरतीच आहे. २०२२ मध्ये खंडपीठाने तोच निर्णय कायम ठेवला. मालकाच्या हक्काच्या दृष्टीने निकाल समजण्यासारखा आहे. पण त्याचा अर्थ असा, की एखाद्या लहान संस्थेला ठरलेली रॉयल्टी भरून मराठी गाण्यांचा इंटरनेट रेडिओ चालवायचा असेल, तर तिला एकेका मालकाशी बोलणी करावी लागणार. मधली पायरी आपल्याला मिळालीच नाही. आपण फर्माइशीच्या पत्रावरून थेट बोटाच्या फर्माइशीवर आलो.

त्यात मराठी गाण्याची अडचण दुहेरी आहे. गर्दीच्या हिशेबात मोठ्या भाषांपुढे मराठीची गर्दी लहान, म्हणून तिच्यातली पंचवीस-पन्नास गाजलेली गाणीच फिरत राहणार. शिवाय आमच्या नोंदी कच्च्या. एकाच अभंगाचे नाव रोमन लिपीत चार प्रकारे लिहिलेले असते, आणि यंत्राच्या लेखी ती चार वेगळी गाणी होतात. त्यांचे श्रोते चार ठिकाणी विभागले जातात, चारही गाणी ‘कमी ऐकलेली’ ठरून मागे पडतात. गीतकार, संगीतकार, राग, ताल यांची नोंद अनेकदा नसतेच. आकाशवाणीचा निवेदक जे एका वाक्यात सांगायचा, ते इथे नाही. आणि ज्याची नोंद नाही, त्या धाग्याने गाणे गाण्याला जोडताही येत नाही.

खरे तर ही जोडणी मराठीला नवी नाही. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या वर ‘चाल’ दिलेली असे. हे पद अमुक पदाच्या चालीवर आहे, एवढ्या एका ओळीने नवे पद जुन्या ओळखीला बांधले जाई. भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतल्या बंदिशी गोळा करून स्वरलिपीत उतरवल्या, थाटांत बसवल्या. त्यांच्या वर्गीकरणावर आक्षेप पुष्कळ घेतले गेले, पण आक्षेप घेता यावेत इतके स्पष्ट ते मांडलेले होते. आजच्या यंत्राच्या निवडीवर आक्षेप घ्यायचा तर घेणार कशावर?

म्हणून मला वाटते, की मराठीपुरते काम दोन टोकांनी व्हायला हवे. एक, जाणत्या कानांनी गाणी ऐकून त्यांची नोंद देवनागरीत, सर्वांना वापरता येईल अशी करणे : कवी, संगीतकार, राग असल्यास राग, ताल, गायकी, वाद्यमेळ. आठ लाख गाण्यांना एका माणसाची ९१ वर्षे लागतात. दहा हजार गाण्यांना याच हिशेबाने सव्वा वर्षही लागत नाही. संगीत विभाग असलेल्या एखाद्या विद्यापीठाला हे जड नाही. दुसरे, ‘३१ ड’सारखी सोय मागणीनुसार न चालणाऱ्या इंटरनेट रेडिओला मिळावी का, याची चर्चा संगीत क्षेत्राने तरी सुरू करावी. मालकाचा हक्क राखूनही कलाकाराचा वाटा थेट पोचवता येतो, हे दुसऱ्या देशाने दाखवून दिले आहे.

तोवर श्रोत्याच्या हातात एक उपाय आहे, आणि त्याला कुठल्या परवान्याची गरज नाही. लाँचकास्टवर पाचातले एक गाणे अनोळखी असणे सक्तीचे होते. ती सक्ती आता कुणी करणार नाही. ती आपली आपणच पाळायची.